तक्रार: एलपीजीची म्हणून दिलेली शेगडी, पीएनजीचे जेट आणि ‘अखाद्य पदार्थ’ हा शेरा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

कल्याण (पश्चिम)
दि. 28 मार्च 2025

विषय: 9 फेब्रुवारी रोजी घेतलेल्या दोन बर्नरच्या शेगडीतील दोष व वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची पितळी बर्नरची स्टील शेगडी मी 9 फेब्रुवारीला कल्याणच्या दुकानातून 4,150 रुपये रोख देऊन घेतली. पावतीची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत आहे. पहिल्या दिवसापासून दोन्ही बर्नरची ज्योत पिवळी आणि लांब येते, सिमवर आणली तरी खाली बसत नाही, भांड्यांना काजळी धरते. तीनदा फोन केल्यावर 18 मार्चला आपला तंत्रज्ञ आला. त्याने जॉबशीटवर लिहिलं: ‘अखाद्य पदार्थ शिजवल्याने बर्नर चोक. वॉरंटीत बसत नाही.’ हा शेरा मला मान्य नाही.

मी सोळा वर्षं पवईच्या तलावावर गळ टाकायला जातो. रोहू, कटला, मृगळ, कधी सायप्रिनस असे कार्प जातीचे मासे लागतात. लागलेला मासा मोजून परत पाण्यात सोडतो. त्यांचं आमिष मी घरीच शिजवतो आणि त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी शेगडी तीन-चार तास चालते. ही गोष्ट मी कुणापासून लपवलेली नाही. खरेदीच्या दोन दिवस आधी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून मी सरळ विचारलं होतं, की दहा लिटरचा टोप, तासन्‌तास बारीक आच आणि घरचा 14.2 किलोचा एलपीजी सिलिंडर, याला कोणती शेगडी घेऊ? याच मॉडेलचं नाव मला सांगण्यात आलं. दुकानदारासमोरही मी हेच बोललो आणि त्यानेही हीच शेगडी पुढे केली.

एवढी चौकशी करायचं कारण आमिषाच्या कामातच आहे. या कामाला एकाच शेगडीवर तीन तऱ्हेची आच लागते.

पहिलं काम मका आणि हरभऱ्याचं. दाणे चोवीस तास भिजवायचे आणि मोठ्या टोपात बोटाने दाबल्यावर चुरडेपर्यंत उकळायचे. इथे आच मोठी हवी आणि भरलेला टोप डगमगणार नाही असं रुंद स्टँड हवं. यात मी कधीच कसूर करत नाही. कार्पला आपल्यासारखं जठर नसतं, नुसतं लांब आतडं असतं. जबड्यात दात नसतात, जे काही चुरडायचं ते घशातल्या दातांनी. अर्धकच्चा हरभरा आत जाऊन फुगला तर सोडून दिलेला मासाही सुखाने जगत नाही.

दुसरं काम गोळ्यांचं. रवा, मक्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि बडीशेपेची पूड अंड्यात मळून सुपारीएवढ्या गोळ्या वळतो आणि खळखळत्या पाण्यात दोनेक मिनिटं उकळून झाऱ्याने काढतो. इंग्लंडमधल्या कार्पवाल्यांची ही रीत, तिकडे 1970 च्या दशकात रुजली. उकळल्याने गोळीवर चिवट साल धरते, म्हणून चिलापीसारखे बारीकसारीक मासे ती टोचून संपवू शकत नाहीत आणि मोठ्या माशासाठी ती तळाशी टिकून राहते. गोळ्या टाकल्या की पाण्याची उकळी मोडते. ती लगेच परत यायला हवी, नाहीतर गोळ्या विरघळून पाण्याची पेज होते.

तिसरं काम सगळ्यात नाजूक. ते म्हणजे गळाला लावायचं पीठ. ते मी अगदी मोदकाच्या उकडीसारखं करतो. गुळाच्या पाण्याला आधण आणायचं, कणीक आणि पेंड वैरायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, झाकण ठेवून बारीक आचेवर दणदणीत वाफ काढायची आणि गरम असतानाच तेलाच्या हाताने मळायचं. वाफ नीट बसली तर गोळा पाण्यात तासभर गळावर राहतो. आच एवढीशी जास्त झाली की तळ करपतो, आणि तो करपट वास पिठाला लागला की सगळं टाकून द्यावं लागतं. वडील हे पीठ वातीच्या स्टोव्हवर करायचे. वात खाली घेतली की निळी कड तेवढी राहायची आणि पातेलं विसरून गेलं तरी लागायचं नाही. रेशनचं रॉकेल बंद झालं आणि तो स्टोव्ह माळ्यावर गेला.

त्याच्या जागी काय घ्यावं यावर मी दोन महिने घालवले. इंडक्शन बघितलं, पण माझे टोप ॲल्युमिनियमचे, ते त्यावर तापतच नाहीत. शिवाय कमी वॅटवर ते आच थांबवत-थांबवत देतं, आणि उकडीला सलग मंद धग लागते. हॉटेलची हाय प्रेशरची भट्टी मका झटक्यात शिजवते, पण ती घरच्या रेग्युलेटरवर चालत नाही आणि बंद गॅलरीत ती पेटवायची माझी छाती नाही. काचेची शेगडी नको होती, कारण रुंद बुडाच्या टोपाखाली धग कोंडते आणि ती थेट काचेवर बसते. म्हणून स्टीलची, पितळी बर्नरची, एक बर्नर मोठा आणि एक छोटा अशी आपली शेगडी घेतली. माझी निवड आजही मला चुकीची वाटत नाही. दोष शेगडीच्या पोटात आहे.

पहिल्याच रविवारी छोट्या बर्नरवर सिम लावून उकडीला झाकण ठेवलं. चार मिनिटांत करपल्याचा वास आला. वाटलं, नवीन शेगडी आहे, अंदाज चुकला. दुसऱ्यांदा खाली तवा ठेवून बघितलं, तरी तेच. मग 13 मार्चला होळी आली. पत्नीने पुरण शिजवायला ठेवलं. पंचवीस वर्षं ती पुरण करते आहे, तिचं पुरण कधी लागलेलं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी अर्धा किलो डाळीचं पुरण बुडाला लागलं आणि नैवेद्यासाठी वरचं वरचं काढून घ्यावं लागलं. आता त्या पुरणात अखाद्य काय होतं?

तसं तर आमिषात तरी काय आहे? कणीक, रवा, मका, हरभरे, गूळ, अंडी, बडीशेप. सगळं आमच्याच फडताळातलं. आपला तंत्रज्ञ पाच-सात मिनिटं घरात होता. स्टँडवर वाळलेला पिठाचा एक ओघळ दिसला, त्याचा त्याने फोटो काढला, कशाचा आहे विचारलं, मी खरं सांगितलं आणि त्याने लगेच पेन उघडलं. त्याने बर्नर उचलून पाहिला नाही. छोट्या बर्नरवर आजवर काहीही उतू गेलेलं नाही, त्याची ज्योतही तितकीच पिवळी आहे. आणि बर्नर चोक झाला तर गॅस वाढून जळेल कसा? आमचा सिलिंडर एरवी पस्तीस-छत्तीस दिवस जातो, या शेगडीवर तो चोविसाव्या दिवशी संपला.

आपल्याकडून नकार आल्यावर मी गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने माझ्यासमोर दोन्ही जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, काढले आणि जुन्या शेगडीच्या जेटशेजारी कागदावर ठेवले. जुन्याच्या भोकात जी बारीक तार जेमतेम सरकते, ती नव्याच्या भोकात सैल फिरते. त्याने सांगितलं, हे पीएनजीचे, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅसचे, जेट आहेत. पाइपच्या गॅसमध्ये एलपीजीपेक्षा उष्णता बरीच कमी असते. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत ती सुमारे अडीच पट भरते. त्यामुळे पीएनजीच्या शेगडीला भोक मोठं ठेवावंच लागतं. त्याच भोकातून एलपीजी सोडला की गॅस जास्त, हवा अपुरी, म्हणून पिवळी ज्योत आणि काजळी. शेगडीच्या खालच्या स्टिकरवर मात्र एलपीजी छापलंय, शेजारी एलपीजी शेगड्यांच्या आयएस 4246 या भारतीय मानकाचा शिक्काही आहे. म्हणजे खोका एका गॅसचा आणि जेट दुसऱ्या गॅसचे. हे आपल्या कारखान्यात किंवा गोदामात झालं असणार, माझ्या गॅलरीत नक्कीच नाही.

मेकॅनिक दीडशे रुपयांत जेट बदलून देत होता. मी नको म्हणालो. हवा कमी पडून गॅस अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. हिवाळ्यात खिडक्या लावून घेणारी घरं असतात, बाळाचं पाणी तापवणारी घरं असतात. माझ्या शेगडीचे जेट चुकले असतील तर त्याच दिवशी पॅक झालेल्या इतरांचेही चुकले असतील. मी गुपचूप जेट बदलून घेतले, तर ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. मला त्या करपलेल्या पुरणापेक्षा याची चिंता जास्त वाटते.

तरी पंधरा दिवसांत ही शेगडी बदलून एलपीजीचीच शेगडी द्यावी, आणि ती बसवताना दोन्ही बर्नर सिमवर पेटवून निळी ज्योत माझ्यासमोर दाखवावी. जॉबशीटवरचा शेरा लेखी मागे घ्यावा. माझ्या शेगडीचा बॅच क्रमांक सोबतच्या फोटोत आहे, त्या बॅचच्या शेगड्या जिथे विकल्या गेल्या त्या दुकानांना कळवून तपासणी करावी आणि तसं केल्याचं मला पत्राने सांगावं. भांड्याचे पैसे किंवा वाया गेलेल्या सिलिंडरची भरपाई मी मागत नाही.

मुदतीत उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तसं करायची वेळ येऊ नये, ही मनापासून इच्छा आहे. शेगडीची बांधणी चांगली आहे, स्टँड दहा लिटरचा टोप हलू देत नाही, आणि योग्य जेट असते तर हीच शेगडी मी तलावावरच्या चार मित्रांना घ्यायला लावली असती.

सध्या आपली शेगडी बंद आहे आणि घरचा स्वयंपाक जुन्या शेगडीवर चालला आहे. काढलेले दोन्ही जेट मेकॅनिकच्या सहीच्या पाकिटात ठेवले आहेत. आपला माणूस न्यायला आला तर पोच लिहून घेतल्याशिवाय ते हाती देणार नाही. मी संध्याकाळी सहानंतर घरी असतो, रविवारी मात्र दुपारी दोननंतर यावं.

आपला,
एक ग्राहक

सोबत: पावती, वॉरंटी कार्ड व जॉबशीटची झेरॉक्स, ज्योतीचे, दोन्ही जेटचे आणि बॅच क्रमांकाचे फोटो