नमुना युद्धनौका : आधी टबात, मग तळ्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील एका तळ्यावर रेडिओ-नियंत्रित युद्धनौकांच्या प्रतिकृती एकमेकींवर छर्रे झाडत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याखाली ही ‘मोठ्या माणसांची खेळणी’ असल्याची ओळ होती आणि सोबतच्या चौकटीत आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही अशी स्पर्धा भरवावी, असे सुचवले होते. सूचना मला मनापासून पटली. मात्र त्या छायाचित्रावरून काम सुरू केले, तर आपली मुले तोफांपासून सुरुवात करतील आणि पहिल्याच दिवशी नौका तळाला घालवतील, अशी मला धास्ती वाटते. मी मुंबईच्या नौदल गोदीत १९७४ साली शिकाऊ फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. गेल्या वर्षी टेक्ससमध्ये मुलीकडे सहा महिने असताना जावई आणि नातीच्या जोडीने अशी एक नौका मी स्वतः बांधली, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

हा छंद १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक्ससमध्येच सुरू झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील खऱ्या युद्धनौका १:१४४ या प्रमाणात बांधायच्या, दुसऱ्या महायुद्धातल्यासारखे दोस्त आणि अक्ष राष्ट्रे असे दोन तट पाडायचे आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या तोफांनी लढायचे, असा त्याचा ढाचा आहे. त्यातल्या एका प्रचलित प्रकारात सगळ्या तोफा ४.५ मिलिमीटरचे, म्हणजे एअरगनचेच, छर्रे मारतात. आम्ही ‘अकिलीस’ निवडली. १३ डिसेंबर १९३९ रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी झुंजलेली ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १९४८ मध्ये भारताने घेतली आणि पुढे ती ‘आयएनएस दिल्ली’ झाली. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा मी गोदीत चार वर्षांचा जुना झालो होतो. नातीला हे सांगितल्यावर दुसऱ्या कुठल्या नौकेचा विषयच निघाला नाही.

आता हिशेब पाहा. मूळ नौका १६९ मीटर लांब आणि सुमारे १७ मीटर रुंद होती, म्हणजे प्रतिकृती ११७ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम १२ सेंटिमीटर रुंद होते. वजन मात्र लांबीच्या प्रमाणात नव्हे, तर त्या प्रमाणाच्या घनाने उतरते. १४४ चा घन तीस लाखांच्या जवळ जातो, त्यामुळे पूर्ण भारासह साडेनऊ हजार टनांच्या वर भरणारी नौका सव्वातीन किलोंची होते. या सव्वातीन किलोंत फायबरचा सांगाडा, मोटर, बॅटरी, रिसिव्हर, सर्वो (सुकाणू वगैरे हलवणारी छोटी मोटर), वायूची बाटली, रेग्युलेटर, तोफा आणि पंप एवढे सगळे बसवायचे असते. जपानची अजस्र युद्धनौका ‘यामातो’ बांधणाऱ्याला चोवीस किलोंची चैन असते. क्रूझरवाल्याला स्क्रूसुद्धा तराजूत घालावा लागतो.

या नौकेची खरी गंमत तिच्या बाजूंमध्ये आहे. फायबरच्या सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्या कापून फक्त बारीक फासळ्या ठेवायच्या आणि त्यांवर सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा बाल्सा लाकडाचा पत्रा चिकटवायचा. छर्रा लागला की तो आरपार गेलाच पाहिजे, असा नियमच आहे. पोकळ्यांत थर्माकोल कोंबून न बुडणारी नौका केली, तर ती स्पर्धेत घेतली जात नाही. आत आलेले पाणी बाहेर काढायला पंप चालतो, परंतु त्याच्या निकासाचे भोक आमच्या वर्गाला ३.२ मिलिमीटरपेक्षा मोठे ठेवता येत नाही. गुण मोजतानाही पाण्याच्या रेषेच्या वर पडलेल्या छिद्राला १०, नेमके रेषेवर पडलेल्याला २५ आणि रेषेखालच्याला ५० मिळतात. थोडक्यात, नौका फुटणार हे धरूनच ती बांधायची असते आणि ती किती वेळ तग धरेल, एवढेच आपल्या हाती उरते.

म्हणून आमची पहिली चाचणी तोफांची नव्हती. घरातल्या आंघोळीच्या टबात नौका सोडून, शिशाचे तुकडे इकडेतिकडे सरकवून ती आधी सरळ तरंगवली. मग पंपाचे पाणी मोजपात्रात धरले, ते मिनिटाला चार लिटर भरले. पाण्याच्या रेषेखाली दोन सेंटिमीटरवर छर्ऱ्याएवढे एक छिद्र पाडले, तर त्यातून मिनिटाला साधारण साडेतीनशे मिलिलिटर पाणी आत येत होते. म्हणजे अशी दहा-अकरा छिद्रे पंपाला झेपावीत, असे नातीने वहीत मांडले. गणित चोख होते. तरीही त्याच संध्याकाळी, एका बाजूला अवघी तीन छिद्रे असताना, नौका आडवी होऊन उलटली.

चूक माझी होती. नौकेचा तळ मी आतून सपाट आणि मोकळा ठेवला होता, कारण बॅटरी काढायला-घालायला ते सोयीचे वाटले. आत आलेले पाणी पंपाकडे न जाता एका कडेला धावले, त्याच्या वजनाने नौका कलली, कललेल्या बाजूला आणखी पाणी जमले आणि मधोमध बसवलेला पंप नुसती हवा ओढत राहिला. मोकळ्या पाण्याचा हा खेळ गोदीत मी उभी हयात ऐकला होता, सुक्या गोदीत नौका घेताना टाक्या अर्धवट भरलेल्या नाहीत ना, हे पाहिले होते, आणि घरच्या टबात मात्र विसरलो. “आजोबा, तुमचीच बोट ना ही?” असे नातीने विचारले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढचे दोन रविवार आम्ही तळाच्या दोन्ही बाजू बाल्साचे ठोकळे आणि इपॉक्सी घालून भरून काढल्या आणि मधे पंपाकडे उतरती, दोन बोटे रुंद अशी पन्हळ ठेवली. त्यानंतर सहा छिद्रांवर नौका किंचित खाली बसली, पण सरळ उभी राहिली.

तोफा त्यानंतर आल्या. बाटलीत वीस अंश तापमानाला सुमारे ५७ बार दाब असतो. रेग्युलेटरमधून तो १० बारच्या आसपास उतरवून मगच तोफेला द्यायचा. लागोपाठ छर्रे झाडले की बाटली हाताला गार लागते, दाब पडतो आणि शेवटचे छर्रे नळीच्या तोंडाशीच टपकतात. ही अडचण आम्हाला गॅरेजमध्ये फोमच्या जाड तक्त्यावर मारा करून पाहिल्यामुळेच कळली. एका तोफेची ओ-रिंग, म्हणजे वायू अडवणारी रबरी कडी, केसभर सैल होती, तेवढ्याने तिचा मारा निम्म्यावर आला. नळ्या किंचित खाली झुकवलेल्या असतात, कारण लढाई एक-दोन मीटरांवरून होते आणि छर्रा पाण्याच्या रेषेशी बसावा, असा हेतू असतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातल्याशिवाय काठावर कोणालाही उभे राहू देत नाहीत, मग तो नुसता बघ्या का असेना. आपल्या छायाचित्रात सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे दिसत होते, सोबतच्या मजकुरात त्यांचा उल्लेख नव्हता; आपल्याकडे अनुकरण होणार असेल तर तो पहिल्या परिच्छेदात यायला हवा होता.

प्रत्यक्ष लढाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ‘ग्राफ श्पे’ कोणी आणलीच नव्हती, याचे जावयांना फार वाईट वाटले. पहिल्या फेरीत आम्ही चार छिद्रांनिशी परतलो, ती ठिगळे लावून बुजवली आणि दुसऱ्या फेरीत नौका बुडाली. तिला दोरीने बांधलेला तरंगा पाण्यावर राहिला, त्या दोरीने नौका ओढून काढली. छिद्रे मोजली तर नऊच निघाली, आणि त्यातली तीन पाण्याच्या वरची. पंप उघडल्यावर त्याच्या तोंडाशी नखाएवढा बाल्साचा कपचा अडकलेला सापडला. आमच्याच कवचाच्या चिरफळीने आमचा पंप बंद पाडला होता. टबात छिद्रे आम्ही खिळ्याने सुबक पाडली होती, छर्ऱ्याने नव्हे, म्हणून कपचे कधी निघालेच नव्हते. आता पंपाला बारीक जाळी बसवली आहे.

आयआयटी मुंबईच्या टेकफेस्ट या तंत्रज्ञान महोत्सवात यंत्रमानवांच्या झुंजी होतात आणि त्यांना गर्दीही उसळते. पाण्यावरची झुंज त्यापेक्षा स्वस्तात होईल असे नाही, परंतु त्यात तरण्याचे, कलण्याचे, दाबाचे आणि गळतीचे शास्त्र एकाच वस्तूत हाताला लागते. माझी विनंती एवढीच की, जे महाविद्यालय हे मनावर घेईल त्याने तोफांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक संघाकडून तीन गोष्टी मागाव्यात : मोजलेले वजन, पंपाचे मिनिटाचे लिटर आणि खऱ्या छर्ऱ्याने पाडलेल्या छिद्रांसह टबात काढलेली दहा मिनिटे. ज्याची नौका ही दहा मिनिटे काढणार नाही, त्याला तळ्यावर आणू नये. तोफा चालवायच्या झाल्यास स्थानिक पोलिसांना आधी विचारावे, हेही ओघाने आलेच.

आमच्या चाचण्यांची वही, नातीच्या अक्षरातल्या आकडेमोडीसह, मी सोबत आणली आहे. कोणा शिक्षकाला ती हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी झेरॉक्स काढून पाठवीन. बाटली आणि तोफा टेक्ससलाच आहेत. विमानात त्या कोणी घेतल्या नसत्या.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त गोदी कामगार, डोंबिवली