हेडगार्डचं माप कळव

रावेर,
अखाजीचा आदला आठवडा

चि. दादूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बॉक्सिंगच्या स्पारिंगचा, म्हणजे सरावाच्या लढतीचा, व्हिडिओ तुझ्या आईने एकदाच पाहिला आणि फोन माझ्या हातात दिला. मी चार वेळा पाहिला. डावा जॅब छान सुटतोय तुझा. पण दुसऱ्या राउंडला डोक्यावर हेडगार्ड नव्हतं. विचारलं तर म्हणालास, "अण्णा, मी आता 19चा झालो. एलिटच्या, म्हणजे मोठ्या गटाच्या, बाउटमध्ये पोरांना हेडगार्ड नसतंच, मग सरावात कशाला सवय लावायची?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. चार दिवस ठिबकच्या नळ्या तपासत बागेत फिरताना तेच डोक्यात होतं. म्हणून लिहितो.

तुझं म्हणणं खोटं नाही. 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून सगळे हेडगार्ड घालून खेळत होते. 2013मध्ये मोठ्या पुरुषांच्या लढतींतून ते काढलं आणि 2016ला रिओमध्ये पुरुष उघड्या डोक्याने उतरले. बायकांचं मात्र पॅरिसलाही होतं. तेव्हाच्या जागतिक बॉक्सिंग संघटनेचं म्हणणं असं, की हेडगार्ड नसलं तर डोक्याला मार बसून थांबवाव्या लागणाऱ्या लढती कमी होतात. पण भुवया फुटायचं प्रमाण त्यानंतर फार वाढलं, हेही त्यांनाच मान्य करावं लागलं.

आता तू हिशेब कर. बाउट किती वेळाची? तीन मिनिटांचे तीन राउंड, म्हणजे 9 मिनिटं. आणि तू आठवड्यातून तीन दिवस चार-चार राउंड स्पारिंग करतोस, म्हणजे 36 मिनिटं. दर आठवड्याला चार बाउटांएवढा वेळ तू कुणाच्या तरी मुठीसमोर उभा असतोस, आणि तिथे पदक मिळत नाही. सरावात भुवई फुटली तर टाके पडतील, पंधरा दिवस बसून राहशील आणि निवड चाचणी हातची जाईल. एवढ्या एका कारणासाठी तरी घाल. 16 औंसाचे ग्लोव्हज म्हणजे एकेक साडेचारशे ग्रॅमचा, जाड आणि मऊ, हे मला ठाऊक आहे. पण स्पारिंगमध्ये कोपर लागतं, डोक्याला डोकं आपटतं, त्याला औंस नसतात.

मात्र हेडगार्ड घातलं म्हणजे डोकं वाचलं, असंही समजू नकोस. मागच्या वर्षी आपल्या केळीची गाडी गेली ती आठवते? फण्यांच्या मध्ये फोम, खोका टेपने पक्का बंद. वाटेत गाडी कुठेतरी जोरात आदळली. माल उतरला तेव्हा हिरव्या सालीवर एक डाग नव्हता. पिकून आल्यावर व्यापाऱ्याने साल सोलून फोटो पाठवला, आतला गर काळा पडलेला. भाव पाडला तो पाडलाच, वर मलाच शहाणपण शिकवलं. ते जाऊ दे. फोमने साल वाचवली, पण धक्का गराला बसायचा तो बसलाच. मेंदूचं तसंच आहे. तो कवटीत पाण्यावर असतो. हूक, म्हणजे कडेचा ठोसा, बसून डोकं गर्रकन फिरलं की मेंदू मागून फिरतो, त्याला आतून पीळ बसतो. हेडगार्डचा फोम डोक्याचं ते फिरणं फारसं थांबवत नाही. उलट ते घातल्यावर पोरं धीट होतात आणि हनुवटी पुढे काढून मार खातात. तुझ्या व्हिडिओत पहिल्या राउंडला तू दोनदा तेच केलंस.

आता जे मी घरात कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. माझा हा डावा कान, ज्याला तू लहानपणी शेवगाठ म्हणायचास, तो आखाड्यात फुटला. कूर्चा आणि कातडी यांच्यात रक्त साचलं आणि ते तसंच घट्ट झालं. मी तो गावभर मिरवला. लग्नाच्या फोटोतही मुद्दाम डावी बाजू पुढे केली आहे, बघ. पण एका जत्रेत समोरच्याने मला डोक्यावर आपटला, त्याबद्दल कुणाकडे शब्द काढला नाही. घरी आलो तर आपल्या बैलाचं नाव आठवेना. तुझ्या आजोबांनी त्याला दावणीला बांधायला सांगितलं, तर मी दावं हातात धरून नुसता उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीत गेलो. शेताच्या वाटेवर उलटी झाली, ती उसाच्या रसावर ढकलली. आठ दिवस उजेडाकडे बघवत नव्हतं. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन कोवळ्या वयाचा पोरगा जिवानिशी जाऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं. मी वाचलो ते नशिबाने. तुमच्याकडे नॉकआउट झालेल्याला किमान 30 दिवस रिंगपासून लांब ठेवतात, तो नियम उगाच केलेला नाही.

म्हणून डोकं दुखलं, मळमळलं, सर काय म्हणाले ते पटकन ध्यानात आलं नाही, तर त्याच मिनिटाला ग्लोव्हज काढ आणि सरांना सांग. तुझा तो रूममेट "काही होत नाही रे" म्हणेल. म्हणू दे. आणि रोज पूर्ण जोराने खेळायची काय गरज? आठवड्यातले दोन दिवस हलक्या हाताने खेळलास तरी पाय आणि नजर तयार होतेच.

हॉस्टेलचं ते सामायिक हेडगार्ड वापरू नकोस. अंगठ्याने दाबून बघ, फोम लगेच वर येत नसेल तर तो मेला आहे. घामाने आतून भेगाही पडल्या असतील, शिवाय दहा जणांची खाज फुकट. नवीन घेताना पट्टा बांधून मान झटकून बघायचं, जोडीदाराला बाजूने ढकलायला लावायचं. सरकून डोळ्यावर आलं तर ते तुझं नाही. कडेचा ठोसा दिसला पाहिजे आणि कान पूर्ण झाकला पाहिजे. कानाचं फार मनावर घे. एका घरात एक शेवगाठ पुरे.

इकडे ऊन असं आहे, की तुम्ही पुण्यात ज्याला ऊन म्हणता ती आमची सावली. तुझी आजी अंगणात बाजेवर पडून रोज एकच विचारते, "पोऱ्या डोकं सांभायतो ना?" मी हो म्हणतो. खोटं बोलायला लावू नकोस.

पैसे घालतो. हेडगार्ड इथूनच जळगावला जाऊन बघीन म्हणतो, आणि शनिवारच्या ट्रॅव्हल्सने कळण्याच्या पिठासोबत पाठवीन. तेवढं भुवईच्या वर टेप लावून डोक्याचा घेर मोजून कळव. तुझ्या आईला अजून तुझ्या शाळेतल्या टोपीचंच माप पाठ आहे.

तुझा,
अण्णा