नवा कोरा जुना किल्ला

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फ्रान्समध्ये किल्ले कसे राखतात, हे तुम्ही मागे विचारलं होतंत. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात बर्गंडीत सँ-फार्जो नावाच्या लहानशा गावी गेलो होतो. गावात लालसर विटांचा पंचकोनी किल्ला आहे. चौदाव्या लुईची चुलतबहीण, मोंपांसिएची डचेस, बंडात सामील झाली म्हणून १६५२ मध्ये तिला पॅरिस सोडावं लागलं. ती इथे आली तेव्हा अंगणात गुडघाभर गवत होतं, असं तिनेच लिहून ठेवलंय. मग तिने फ्रांस्वा ल व्हो या वास्तुकाराकडून आतला वाडा नव्याने सजवून घेतला. व्हर्सायच्या राजवाड्यावर काम करणाऱ्या लुई ल व्होचा हा भाऊ!

पण खरी गंमत पुढे आहे. १९७९ मध्ये गियो नावाच्या भावांनी हा पडका किल्ला विकत घेतला. अभ्यासकांनी तपासणी केली, तर विटांच्या आत आणखी जुना दगडी किल्ला दडलेला निघाला. तसा किल्ला आज मुळापासून बांधून बघितला तर? मिशेल गियोंनी ते मनावर घेतलं आणि १९९७ मध्ये जवळच्याच जंगलात गेदलों नावाच्या नव्या किल्ल्याचं काम सुरू झालं.

तिथे तेराव्या शतकातली पद्धतच चालते. दगड जागेवरच्या खाणीतला, लाकूड जंगलातल्या ओकचं, छिन्न्या-पहारी तिथल्याच लोहाराच्या. ओझं चढवायला मोठं लाकडी चाक असतं, त्याच्या आत माणूस चालत राहतो. काटकोन धरायला तेरा गाठींची दोरी: ३-४-५ असा त्रिकोण ताणला की झालं. डोळ्यांवरचे चष्मे तेवढे आजचे. काका, तुम्ही असतात तर पाथरवटांच्या छपरातून हलला नसतात.

आधी मला हे जरा नाटकी वाटलं. मध्ययुगीन कपडे घातलेले कामगार, समोर तिकीट काढून आलेली पोरंटोरं. पण वर्षाला सुमारे ३ लाख माणसं येतात आणि त्या तिकिटांवरच काम चालतं. शिवाय २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं छप्पर जळालं, तेव्हा कुऱ्हाडीने ओकच्या तुळया तासणारे सुतार लागले. त्यांतले काही याच कामावर तयार झालेले होते. आपल्याकडे तटाच्या भेगांत सिमेंट कोंबणाऱ्या ठेकेदारांवर तुम्ही चिडता ना, त्याचं कारण मला इथे कळलं. नुसता पैसा मंजूर होऊन भागत नाही, हात तयार असावे लागतात.

तिथल्या एका गवंड्याला मी सांगितलं, की आमच्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालतात. त्याने लगेच प्रमाण विचारलं. तुमच्या दुर्गसंवर्धनाच्या मंडळींना विचारून तेवढं कळवा, हिरडा घालत असतील तर तोही. हिवाळ्यात काम बंद असतं, त्याआधी पुन्हा जाणार आहे.

काकूंना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

आपला,
समीर