आहार हेच औषध, मान्य. पण कुठला आहार ते तरी नीट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आतड्यातल्या चांगल्या जंतूंवर अख्खं पान आलं होतं. दही-ताक घ्या, मोड आलेली कडधान्यं खा, फळं सालासकट खा, वर प्रोबायोटिकची (म्हणजे त्या चांगल्या जंतूंची) एक कॅप्सूल, की क्रोन्ससुद्धा (आतड्याला पुन्हापुन्हा सूज आणणारा, कायमचा आजार) कंट्रोलमध्ये येतो आणि गोळ्या हळूहळू सुटतात, असं त्यात चक्क लिहिलेलं. सकाळी अकराच्या आत तीन नातेवाईकांनी मला त्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, कारण माझ्या तेरा वर्षांच्या पोराला क्रोन्स आहे.

त्याचं लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे आतून अरुंद झालंय. मोडाची मटकी नि सालासकट सफरचंद तिथे अडकलं तर उलट्या, पोट फुगणं आणि थेट अॅडमिट, कधीकधी ऑपरेशनच. फायबर चांगलं असतं हो, पण आतडं अरुंद असलेल्या पेशंटनी काय करायचं याची एक ओळ तरी टाकायची होती.

आणि मी आहाराच्या विरोधात अजिबात नाही, उलट माझं पोरगं आहारानेच उभं राहिलं. आधी तीन महिने त्याला टीबीच्या गोळ्या चालल्या होत्या, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून बघितले तरी सारखेच दिसतात आणि आपल्याकडे टीबी जास्त, त्यामुळे त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. वजन २९ किलोवर आलेलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की लहान मुलांत स्टेरॉइडच्या आधी एक्सक्लुझिव्ह एंटरल न्यूट्रिशन करून बघतात, म्हणजे सहा ते आठ आठवडे फक्त डब्यातल्या पावडरचं दूध आणि पाणी, बाकी तोंडात काही म्हणजे काही नाही. मुलांमध्ये याने स्टेरॉइडइतकाच आराम पडतो आणि वाढ खुंटत नाही, उलट वजन भरतं.

ऐकायला सोपं वाटतं. आमचे ते सहा आठवडे नेमके गणपतीत आले. त्या वर्षी घरात मोदक झाले नाहीत, फोडणी द्यायची तर बायको तो क्लासला गेल्यावर द्यायची, आणि आजी रोज विचारायची की पोराला उपाशी का मारताय. रोज जवळजवळ एक डबा लागायचा, तीसएक हजार त्यात गेले, आणि इन्शुरन्सवाल्यांनी हे अन्न आहे औषध नाही म्हणून क्लेम परत पाठवला. (अन्न हेच औषध असं छापणाऱ्यांनी एकदा त्यांनाही सांगून बघा.) पण शौचाच्या तपासणीतलं कॅल्प्रोटेक्टिन, ज्यावरून आतड्याची सूज कळते, ते १८०० वरून तीनशेच्या आत आलं आणि वजन चार किलो वाढलं. अॅझाथायोप्रिन, म्हणजे आजार दाबून ठेवणारी गोळी, मात्र चालूच आहे आणि चालूच राहणार.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे क्रोन्स डिसीज एक्सक्लुजन डाएट, इस्रायलच्या डॉ. अॅरी लेव्हिन यांच्या गटाने त्यावर २०१९ मध्ये मुलांवरचा अभ्यास छापला. थोडं पावडरचं दूध आणि बाकी ठरवून दिलेलं जेवण. एक गट या डाएटवर, दुसरा नुसत्या पावडरवर; सहा आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखे होते, पण बाराव्या आठवड्याला या डाएटवाली सुमारे ७५ टक्के मुलं स्टेरॉइडशिवाय बरी होती आणि नुसत्या पावडरवरून नेहमीच्या जेवणावर गेलेली ४५ टक्के. सुरुवातीला त्या डाएटमध्ये गहू बंद, पावडरचं सोडून दूध-दही बंद, पाकिटातलं सगळं बंद, आणि बटाटा, केळं, भात, अंडी, चिकन चालू. आता सांगा, पोळी आणि ताक नसलेलं मराठी ताट शाकाहारी घराने कसं वाढायचं? आमच्यात अंडं चालतं म्हणून निभावलं. आणि बघा, तुमच्या पानातलं पहिलंच औषध, दही, इथे पहिल्याच दिवशी बाद होतं.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय की क्रोन्ससाठी ते ट्रायलच्या बाहेर देऊ नका. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू पेशंटच्या आतड्यात सोडायच्या उपचारालाही लेखात दोन ओळी होत्या, जणू उद्या सांगलीत मिळेल. अमेरिकेत त्याला मान्यता आहे ती सी. डिफिसिल नावाच्या पुन्हापुन्हा होणाऱ्या इन्फेक्शनसाठी, आपल्याकडे लुधियानात आणि दिल्लीच्या एम्समध्ये काम झालंय ते अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, तो वेगळा आजार. क्रोन्समध्ये अजून छोटे छोटेच अभ्यास आहेत. आणि २०१९ मध्ये दात्याचे जंतू नीट न तपासल्यामुळे अमेरिकेत एक पेशंट दगावला होता, म्हणजे घरी करून बघायचं हे काम नाही.

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या रविवारी त्याच जागेवर क्रोन्सचे पेशंट बघणाऱ्या डायटिशियनचा लेख घ्या, आणि गोळ्या सुटतात या वाक्याचा खुलासा पहिल्या ओळीत टाका, आतल्या पानावर बारीक टायपात नको. ते कात्रण आमच्या आजीने फ्रिजवर चिकटवलंय, मला त्यावर दुसरं चिकटवायचंय.

आपला,
एका क्रोन्सवाल्या पोराचा बाप, सांगली