कासवासाठी धावून आलेल्या सगळ्यांना थँक्यू!

सिंहगड रोडला कॅनॉलजवळ सापडलेल्या कासवासाठी ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांचे मनापासून आभार. फोटो बघूनच ज्या ताईंनी सांगितलं की पाठीवर अशा पिवळ्या चांदण्या म्हणजे हे स्टार कासव, जमिनीवरचं आहे, टबात सोडू नका बुडेल, त्यांचे तर उपकारच, कारण सोसायटीतले लोक बादली घेऊन तयारच होते. भाजीवाल्या मावशींनी जास्वंदीची पानं आणून दिली, पैसे घेतलेच नाहीत. ताटलीत थोडंसं पाणी ठेवलं तर मान लांब करून कितीतरी वेळ पीत होतं बिचारं! आणि १९२६ या हेल्पलाइन नंबरवर कळवल्यावर आलेले वनखात्याचे दादा, काय हळुवार उचललं हो त्यांनी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे घरी पाळता येत नाही, तेव्हा कुणाला सापडलं तर लगेच फोन करा प्लीज.