भाकरी काट्यावर ठेवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, स. न. वि. वि.

तुमची बदली झाल्याचं शुगर मोजायच्या स्ट्रिपा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांकडून कळलं. शाल नाही, नारळ नाही, तुम्ही कुणाला सांगितलंतच नाही. म्हणून हे उघड पत्र, बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका गावातून. गावातल्या शुगरवाल्यांच्या वतीनं लिहितोय, आणि त्यांना मीटर विकणाऱ्या आम्हा मेडिकलवाल्यांच्या वतीनंही, कारण थोडी लाज आमच्या वाट्याची आहे.

ती आधीच सांगून टाकतो. आम्ही मीटरची पेटी देतो, स्ट्रिपांची डबी देतो, "मोबाईलला जोडलं की सगळं आपोआप" असं म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मीटरचं घड्याळ लावून देत नाही. सेल बदलला की काही मीटर तारीख-वेळ विसरतात आणि ॲप मीटर सांगेल ती वेळ मुकाट्यानं लिहून घेतं. सकाळी सहाचा उपाशीपोटीचा आकडा रात्री दोनच्या खणात जाऊन बसतो. डॉक्टर तो तक्ता बघून गोळी वाढवायची की नाही ते ठरवतात. तुम्ही प्रत्येक घरी आधी मीटरचं घड्याळ बघितलंत, मग फोन हातात घेतलात.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यानं तर वर्षाचं पॅकेज विकलं होतं. ॲप, मीटर आणि फोनवर सल्ला देणारी एक 'कोच'. ती हिंदीतून ओट्स आणि किनोआ खायला सांगायची. पैसे भरल्यावर दोन महिने फोन आले, पुढं बंद. ॲप मात्र रोज संध्याकाळी लाल अक्षरात ओरडत राहिलं. बऱ्याच जणांनी ते काढून टाकलं आणि मीटर ट्रंकेत ठेवलं. तुम्ही आलात तेव्हा गावातली अर्धी मीटरं ट्रंकेतच होती.

फोन लावून देताना तुम्ही काय काय बघितलंत, ते इथं मुद्दाम लिहितो, दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल. पहिलं एकक. ॲपमध्ये नेहमीच्या मिलिग्रॅमऐवजी 'मिलीमोल' निवडलेलं असलं तर 140 च्या जागी 7.8 दिसतं, आणि माणसाला वाटतं ही तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्टच (एचबीएवनसी) झाली. 18 नं गुणायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरं ब्लूटूथ. मीटर फोनच्या सेटिंगमधून नव्हे, ॲपच्या आतून जोडायचं. अँड्रॉइड 11 पर्यंतच्या फोनवर लोकेशन चालू नसेल तर ॲपला मीटर दिसतच नाही. म्हाताऱ्यांच्या वाट्याला नातवंडांचे जुने फोन येतात, त्यामुळे ही अडचण घरटी. तिसरं बॅटरी सेव्हर. त्याच्या तावडीतून ॲप सोडवलं नाही तर गोळीची आठवण वाजतच नाही. आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून शुगर सांगणारी ॲपं तुम्ही न विचारताच उडवलीत. कॅमेऱ्याला नाडी कळते, रक्तातली साखर कळत नाही. सुई न टोचता शुगर मोजल्याचा दावा करणाऱ्या घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं फेब्रुवारी 2024 मध्ये इशारा दिला होता, तरी व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतच आहेत.

पण सिस्टर, हे सगळं एखादा हुशार पोरगाही करून देईल. गाव ज्याच्याबद्दल अजून बोलतं ते वेगळंच आहे.

वरच्या गल्लीतल्या मामींचं ॲपशी भांडण होतं. त्या 'रोटी – 2' असं भरायच्या. ॲप म्हणायचं, छान. आणि जेवणानंतर दोन तासांनी मीटर दाखवायचं 226. तुम्ही मामींना काहीच बोलला नाहीत. पिशवीतून छोटा डिजिटल काटा काढलात, चुलीपाशी पाटावर ठेवलात, वर ताटली ठेवून शून्य केलात आणि म्हणालात, "हिट्टु एष्टु? पीठ किती? रोज घेता तेवढंच घ्या." मामींनी सवयीनं मूठ मारली. 72 ग्रॅम. दुसरी मूठ 68. तिसरी 75. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 68 ग्रॅम कार्ब, म्हणजे पोटात जाऊन साखर होणारा भाग. म्हणजे मामींची एक भाकरी झाली 49 ग्रॅम कार्बची. ॲपची रोटी गव्हाची, तळहाताएवढी, 15 ते 20 ग्रॅमची. मामी दोन भाकऱ्या खात होत्या, फोन त्यांना दोन फुलके समजत होता.

कुणीतरी विचारलं, तयार भाकरीच का नाही मोजली? तुम्ही सांगितलंत ते ध्यानात राहिलं. भाकरीत पाणी असतं. मऊ भाकरी जड भरते, तीच कडक करून ठेवली तर हलकी होते, पण पोटात जाणारं पीठ तेवढंच. म्हणून काट्यावर पीठ ठेवायचं. भाताचं उलट: तो शिजलेलाच मोजायचा, कारण ताटात शिजलेलाच येतो. 150 ग्रॅमची वाटी म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास कार्ब.

मग ॲपमध्ये 'नवीन पदार्थ' उघडून तुम्ही नाव लिहिलंत: मामींची भाकरी. पुढं 49. इंग्रजी नाही, हिंदी नाही, ॲपच्या यादीतला कुठलाही पदार्थ नाही. मामींनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. त्या दिवसापासून त्या एक भाकरी घेतात, भाजी आणि डाळ वाढवून घेतात, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारतात. दुपारचा आकडा 160-170 वर आलाय. "भाकरी सोडा" असं त्यांना आजवर चार जणांनी सांगितलं होतं. भाकरी केवढी आहे हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

गोळीच्या आठवणीचंही तसंच. ॲप सकाळी आठला 'औषध घ्या' म्हणायचं. फोनला एकादशी कळत नाही. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी पोटात आणि वर उपवास, म्हणजे शुगर 70 च्या खाली जायची भीती. तुम्ही ती ओळ पुसून लिहिलंत, "ताट वाढलं काय?" ताट नसेल तर ती गोळी नाही, आणि उपवासाला कुठली गोळी कमी करायची ते आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारायचं. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर आधी मोजायचं. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. हा कागद तुम्ही फ्रिजवर नव्हे, देव्हाऱ्याशेजारी चिकटवलात, कारण फ्रिज सगळ्यांकडे नसतो. केवढं साधं, पण सुचायला माणूस घरात येऊन बसावा लागतो.

स्ट्रिप महाग, म्हणून तुम्ही जोडीनं मोजायला लावलंत. सोमवारी नाष्ट्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी, बुधवारी दुपारचं जेवण, शुक्रवारी रात्रीचं. आठवड्याला सहा स्ट्रिपा, पण कुठलं जेवण चढवतं ते कळतं. आधी सगळे फक्त सकाळीच मोजायचे. सकाळची सरासरी 118 असली की ॲप 'अंदाजे एचबीएवनसी 5.7' दाखवायचं, आणि लॅबमधून 7.6 यायचं, म्हणजे सरासरी 171. लोक लॅबला शिव्या द्यायचे. ॲप खोटं बोलत नव्हतं, त्याला कुणी दुपार दाखवलीच नव्हती. बोटाचंही तुम्हीच सांगितलंत: चहाला गूळ फोडून आलेल्या हातानं टोचलं तर गुळाचीच शुगर मोजली जाते. साबणानं धुवायचं, कोरडं करायचं, बोटाच्या कडेला टोचायचं. आणि आमच्याकडे पावसाळ्यात मीठ पाझरतं, तिथं स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहून कसं चालेल?

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. इथं पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात. तुम्ही गोकाककडच्या, घरी कानडी. मराठी कीबोर्ड आमच्यासाठी शिकलात. 'ळ' कुठं सापडतो ते मामींच्या नातवाला विचारलंत, तो हसला, तुम्हीही हसलात. चांगली माणसं दोन्हीकडे आहेत हे आम्हाला माहीत होतं, पण त्यातलं कुणी आमच्या चुलीपुढं मांडी घालून बसलेलं बऱ्याच वर्षांनी बघितलं.

त्याच दिवशी तुम्ही मामींच्या यादीत आणखी एक पदार्थ भरलात आणि 'पिटलं' असं लिहिलंत. परवा नातू ते दुरुस्त करायला बसला. मामींनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "सिस्टरनी लिवलंय."