धुळ्याच्या धावपट्टीवरच्या मंडळींना

लेकीचं खासगी वैमानिकाचं लायसन्स हातात आलं. त्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. ठाणे-धुळे प्रवासाचे तास कुठेच धरत नाहीत म्हणा! पहाटे तीन हात नाक्यावरून तिला गाडीत घेणारे काका, पेट्रोलचे पैसे तुम्ही कधी घेतलेच नाहीत.

टाकीतून काढलेलं निळसर इंधन उजेडात धरून, तळाशी पाण्याचा थेंब नाही ना हे बघितल्याशिवाय तिला विमानात चढू न देणारे मेकॅनिकदादा, तुमच्या धाकामुळे ती आता घरचा गॅसही दोनदा तपासते. वावटळीत विमानाचे दोर आवळायला धावलेल्या दोघांचे आणि हँगरमध्ये स्वतःच्याच फजितीचे किस्से सांगून तिची भीती घालवणाऱ्या सीनियर मंडळींचे मनापासून आभार. ठाण्यात आलात की घरी या, मामलेदारची मिसळ आमच्याकडून!